सॉफ्टवेअर भाड्याने द्यायचं का? गिऱ्हाईक विचारतं, "पाच वर्षांनी तू असशील का?"

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

रत्नागिरीत २००३ पासून माझा सॉफ्टवेअरचा छोटा धंदा आहे. मी, मदतीला एक मुलगा, आणि वसुलीला बायको, कारण माझ्याच्याने वसुली होत नाही. गिऱ्हाईकं शंभराच्या वर. काजूचे कारखाने, लॉज, पतसंस्था, दोन बर्फाचे कारखाने, वाशीला माल पाठवणारे काही आंबा बागायतदार. प्रोग्रॅम सगळे व्हीबी-६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) आणि अ‍ॅक्सेस (त्यांचाच डेटाबेस) यांतले. हसणाऱ्यांनी हसून घ्या. व्हीबी-६ हे १९९८ सालचं, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावरून हात काढला, पण त्यात केलेला प्रोग्रॅम आजही विंडोज ११ वर मुकाट चालतो. आमच्याकडचे निम्मे प्रिंटर तेवढे मुकाट चालत नाहीत.

गेल्या महिन्यात पुण्यात सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा एक मेळावा होता, गेलो. दिवसभर भविष्यच ऐकलं. माणशी लायसन्सचे दिवस संपले, आता कामागणिक पैसे. मेनू, बटणं सगळं जाणार, गिऱ्हाईक नुसतं बोलेल आणि एआय एजंट काम करून मोकळा होईल. जो दोन वर्षांत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, नाही तो गेला. टाळ्या. सगळंच हवेतलं होतं असं मी म्हणत नाही. पण तीनशे खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये विकत घेणारा माणूस एकच दिसला, जेवणाचा कंत्राटदार, आणि तो ताटं वहीत रेघा मारून मोजत होता.

परत आलो आणि सोमवारी लांज्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात गेलो. तिथली तक्रार ऐका. सोलणीच्या बायकांना किलोवर मजुरी असते. संध्याकाळी एकेक जण आपलं घमेलं काट्यावर ठेवते आणि काट्यावरचा आकडा बघून टेबलावरची मुलगी तो कॉम्प्युटरमध्ये टाकते. त्या दिवशी ७.४० चे ४.७० झाले. त्या मावशींनी तिथल्या तिथे पकडलं. त्यांच्याकडे बिस्किटाच्या पुड्याचा फाडलेला कागद होता, त्यावर महिन्याचे सगळे आकडे पेनाने ओळीत लिहिलेले, शेवटी बेरीजसुद्धा. शेठ मला म्हणाले, "काट्यातला आकडा आपोआप आत येईल असं कर. बाकीचं तुझं भविष्य नंतर बघू."

मीही जरा चिडूनच विचारलं, पाच वर्षांनी तुम्हाला सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवंय? ते चहा ओतत होते. वर न बघता म्हणाले, "पाच वर्षांनी तू असशील का, ते आधी सांग."

मी ५१ वर्षांचा. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय. त्यांना माहीत आहे.

तर प्रश्न असा. एक वाट म्हणजे सगळं नव्याने लिहून ब्राउझरवर आणायचं आणि महिना ६०० रुपये भाडं लावायचं. आज मी एकदाच १८ हजार घेतो आणि देखभालीचे वर्षाला साडेतीन हजार. देखभालीचा करार निम्मे लोक करतच नाहीत, सरकारी नियम बदलला की मात्र मी सगळ्यांना आठवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्या १२ वरून ५ टक्क्यांवर आल्या. २१ ला रविवार, सर्वपित्री. घरात पान वाढलेलं आणि गणपतीपुळ्याहून फोन, "आज रात्री आलेली पार्टी उद्या सकाळी खोली सोडणार, तिला कुठला दर लावू?" संध्याकाळपर्यंत ३१ फोन झाले. त्यातले करार केलेले ११.

दुसरी वाट म्हणजे एखाद्या मोठ्या तयार पॅकेजची डीलरशिप घ्यायची, गिऱ्हाईकं तिकडे वळवायची आणि कमिशनवर बसायचं. डोक्याचा ताप गेला. पण काजूचं काय? शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली तर जीएसटी घेणाऱ्यानेच भरायचा, रिव्हर्स चार्ज, एवढं तयार पॅकेजांना येतं. ओलाव्याची तूट पोत्यामागे किती धरायची हे त्यांना कोण सांगणार? एक शेठ सरसकट पोत्याला किलो धरतात. दुसरे मूठभर बी कापून आतला गर बघून ठरवतात. तिसरे माणूस बघून ठरवतात. या तिसऱ्यांसाठी माझ्या प्रोग्रॅममध्ये एक रिकामी चौकट आहे, तिचं नाव 'इतर'.

माझा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, बाबा, एआयकडून लिहून घ्या. घेतलं. उताऱ्याचा भाग त्याला दिला. म्हणजे चार किलो बीला किलोच्या आसपास गर निघतो, त्याचा नंबरवार, म्हणजे गराच्या आकारानुसार, हिशेब. २००९ चा अख्खा पावसाळा मी त्यावर घालवला होता. एआयने तो दोन संध्याकाळींत लिहिला, माझ्यापेक्षा नीटनेटका. 'इतर'ची चौकट मात्र काढून टाकली, तिला काही नियम दिसत नाही म्हणून.

इथे विकणारेही आहेत आणि घेणारेही. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? आणि घेणाऱ्यांनो, तुम्हाला खरंच काय हवंय?

---

काजूवाला (वेंगुर्ला)

तुझ्या शेटीचो प्रश्न एकदम बरोबर आसा. पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी ओरडतील.

मी घेणारा. भाड्याचं घेऊन बघितलंय, कोणाचं ते सांगत नाही. पहिल्या वर्षी ९ हजार, तिसऱ्या वर्षी २१. मधल्या काळात माझा कारखाना तेवढाच, टेबलावरची माणसं तेवढीच. वाढ कशाची विचारलं तर नवीन सोयी दिल्यात म्हणे. सोय म्हणजे काय, तर रंगीबेरंगी गोल चकत्या. गोदामात २४० नंबरचे डबे किती नि ३२० चे किती हे मला चकतीत कशाला? आकडा सांग ना. शेवटी सोडतो म्हटलं, तर तीन वर्षांचा हिशेब पीडीएफमध्ये हातात ठेवला. चारशे पानं. त्यातून एक बेरीज करून दाखवा. माझीच बी, माझाच घाम, आणि चावी त्यांच्या खिशात.

दुसरी गोष्ट, तुझ्या मेळाव्यात कोणी बोललं नसेल. आमचा पैसा मार्च ते मे बीत अडकतो. वर्षभराची बी त्या तीन महिन्यांत भरून ठेवायची असते, बँकेची लिमिट वरपर्यंत आलेली असते. एप्रिलमध्ये खात्यातून आपोआप कापून घेणारं काहीही मला नको, सहाशे असोत की साठ. वर्षाचे एकदम घे. गणपती झाल्यावर, दिवाळीच्या मालाचे पैसे यायला लागले की घे. आणि तेव्हा चार पैसे चढे लावलेस तरी देईन.

एआय म्हणशील तर मी वापरतो बाबा. बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडे पैसे थकले होते, त्याला हिंदीत खरमरीत पत्र एआयकडून लिहून घेतलं. आठ दिवसांत पैसे आले. माझं हिंदी असतं तर सहा महिने लागले असते. पण माझ्या स्टॉकला त्याने हात लावायचा नाही.

---

हिंजवडीतला गुहागरकर

दादा, मी दुसऱ्या टोकाला आहे, मोठ्या कंपनीत, परदेशी गिऱ्हाईकांच्या कामावर. तुम्हाला वाटतं मेळाव्यातली माणसं तुमच्या पुढे आहेत. आतून सांगतो, तीही घाबरलेली आहेत.

आमचा धंदा वर्षानुवर्षं डोकी मोजून चालला. इतकी माणसं, इतके तास, इतके डॉलर. आता आम्हीच छाती फुगवून सांगतो की एआयमुळे आमची माणसं दीडपट काम करतात. गिऱ्हाईक मूर्ख नाही. कराराचं नूतनीकरण आलं की ते म्हणतं, छान, मग दर कमी करा. आमच्या प्रोजेक्टवर हेच झालं. विकणाऱ्याला वाटलं आपण मोठेपणा सांगतोय, घेणाऱ्याने त्यातून सवलत काढली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, एकूण माणसांच्या २ टक्के. त्या आठवड्यात आमच्या कॅन्टीनमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी गावाला फोन करून घराचं कौलकाम पुढे ढकललं.

तरीही माझं मत: ब्राउझरवर या. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या ठिकाणाहूनही काम करते आणि जगाला विकते, तुम्ही रत्नागिरीत बसून लांज्याला विकायला का घाबरता? व्हीबी-६ जाणणारा माणूस तुमच्यानंतर कुठून आणणार? तुमच्या शेठजींचा प्रश्न खरं तर हाच आहे. नव्या भाषेत लिहिलेलं असेल तर उद्या दुसरा कोणीही उचलू शकतो.

काजूवाले काका, तुमचं चावीचं म्हणणं मोठ्यांनाही लागू आहे बरं का. जुलै २०२५ मध्येच नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टची सेवा युरोपच्या निर्बंधांपायी अचानक थांबली. एवढी मोठी रिफायनरी चालवणारी कंपनी, पण तिला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, मग सेवा परत सुरू झाली. तुमची निदान चारशे पानं तरी मिळाली.

---

एक्सेलभक्त

एवढं कशाला? एक्सेलमध्ये सगळं होतं.

---

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

होतं ना. गेल्या मार्चअखेरीला एका बागायतदाराकडे आंब्याच्या पट्ट्यांच्या, म्हणजे दलालाच्या विक्री-हिशेबाच्या, तीन फाइली निघाल्या, 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल वहिनी'. दलालाच्या रकमेशी जुळली ती वहिनींची.

---

वाशिष्ठीकाठची (चिपळूण)

मी एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहे, म्हणजे घेणाऱ्यांतली. क्लाउड नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते, तुम्हालाही सांगते.

आमच्या शाखेच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. सर्व्हर त्या रेघेच्या हातभर वर, मुद्दाम सुताराकडून फळी मारून ठेवला होता. रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर कॉपी घ्यायचा शिरस्ताही होता, एकही दिवस चुकलेला नाही. पेन ड्राइव्ह कुठे ठेवायचा? टेबलाच्या खणात. २२ जुलै २०२१ ला पाणी रेघेच्याही वर गेलं. दोन दिवसांनी आत शिरलो तेव्हा खण फुगून बसला होता, उघडेना. शेवटी पहारीने काढला. चिखलात पेन ड्राइव्ह सापडला, संस्थेच्या नावाच्या की-चेनसकट.

वाचवलं कोणी? ऑडिटरांनी. त्यांच्या लॅपटॉपवर ३१ मार्चपर्यंतचा डेटा होता. एप्रिल ते जुलै आम्ही पिग्मी एजंटांच्या डायऱ्यांवरून आणि सभासदांच्या पासबुकांवरून परत उभा केला. कित्येक पासबुकंही भिजलेली. लोक ती तव्यावर शेकून आणायचे. एका आजोबांचं पासबुक वाचताच येत नव्हतं. त्यांनी तोंडी सांगितलेली शिल्लक नंतर एजंटाच्या डायरीशी रुपयाला रुपया जुळली. हे सगळं निस्तरायला नोव्हेंबर उजाडला.

तेव्हापासून आमची कॉपी रोज रात्री बाहेर जाते, वर्षाला पैसे मोजून, आणि त्या पैशांवर संचालक मंडळात एक अवाक्षर निघत नाही. पण सगळंच दुसऱ्याच्या हातात द्यायलाही मी तयार नाही. ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज नावाच्या एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, त्याच्यावर चालणाऱ्या बँका पेमेंटच्या जाळ्यापासून तोडल्या. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँका, तीनशेच्या आसपास. त्या बँकांची चूक काय? पुरवठादार एक. म्हणून माझा सॉफ्टवेअरवाल्याला पहिला प्रश्न किमतीचा नसतो. तुझं बंद पडलं तर माझं काउंटर किती वाजता उघडेल, हे मी विचारते. याचं सरळ उत्तर आजवर दोघांनीच दिलं. बाकीच्यांनी माहितीपत्रक दिलं.

दादा, तुमची गिऱ्हाईकं तुमच्याच प्रोग्रॅमवर राहू देत, फक्त रात्रीची कॉपी घराबाहेर काढा. सगळं नव्याने लिहायची घाई मला पटत नाही. गुहागरकर, रागावू नका.

---

हिंजवडीतला गुहागरकर

रागवत नाही ताई. पण जुन्या प्रोग्रॅमची कॉपी जपली आणि तो चालवायला माणूसच उरला नाही, तर ती कॉपी काय देव्हाऱ्यात ठेवायची?

---

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

चार दिवस झाले, उत्तर द्यायला उशीर झाला. मधे एका लॉजची हार्ड डिस्क गेली होती. (कॉपी? खणात. ताई, तुमची पोस्ट मालकांना वाचून दाखवली.)

गुहागरकर, तुझा मुद्दा डोक्यात बसला. माझ्याकडे सॉफ्टवेअर मारणारं भविष्य याआधी एकदा येऊन गेलंय, आणि ते एआयचं नव्हतं. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावच्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींची योजना. सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. माझ्याकडे नऊ सोसायट्या होत्या, एकेक करत गेल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मी सचिव असतो तर मीही तेच केलं असतं. पण त्या नवातल्या पाच सचिवांचे फोन मला अजून येतात, नव्या सॉफ्टवेअरबद्दल विचारायला. मी सांगतोही. बायको विचारते, याचं बिल कोणाला लावायचं?

तिच्या त्या प्रश्नावरून एक गोष्ट सुचली. मी इतकी वर्षं प्रोग्रॅमचे पैसे घेतले आणि फोन फुकट दिला. लोकांना मात्र फोन हवा होता, प्रोग्रॅम त्याच्यासोबत आला होता. म्हणून आता वर्षाची एकच रक्कम ठेवतोय, भाडं म्हणा की देखभाल, गणपतीनंतर. काजूवाल्या दादांचं ऐकलं. त्यात फोन आला, दर बदलले तर तेही आले, आणि रात्रीची कॉपी चिपळूणच्या ताईंच्या पद्धतीने बाहेर. जो भरणार नाही त्याचा प्रोग्रॅम बंद पडणार नाही, फोन मात्र उचलला जाणार नाही. (हे मला जमेल का, शंका आहे. फोन बायकोकडे देतोय.)

दुसरं, 'सगळा हिशेब एक्सेलमध्ये द्या' असं एक बटण पहिल्या पानावर टाकलं. पुण्याच्या ओळखीच्या एकाने वेड्यात काढलं. म्हणाला, दार उघडं ठेवलंस तर गिऱ्हाईक पळेल. तीन गिऱ्हाइकांनी ते दाबून बघितलं. तिघेही आहेत.

नव्याने लिहायचं कामही सुरू केलंय, पण एकेक तुकडा, एआय बरोबरीला घेऊन. पहिला दणका बसला तो नावांना. माझा जुना डेटा शिवाजी फॉन्टमधला. एआयकडून तो युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या टायपात, बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहून घेतला, चालवला, आणि सोलणीच्या बायकांच्या यादीत सुर्वे बाईंची झाली 'सुवेर्'. शिर्क्यांचं तर 'िशकेर्'. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाईप व्हायचा आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, ते त्याला माहीत नव्हतं. कारण समजावून सांगितल्यावर एका फटक्यात सुधारलं, हे मात्र कबूल. आता माझ्याकडचा मुलगा बसून २१०० नावं डोळ्याखालून घालतोय.

तो मुलगा पावसचा, २६ वर्षांचा, आठ वर्षं माझ्याकडे आहे. एआयला काय विचारायचं हे त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं, आणि कुठल्या शेठना कधी फोन करायचा नाही हेही. जानेवारीपासून त्याला भागीदार करतोय, कागद वकिलाकडे गेलेत. त्याच्याकडून एक वही लिहून घेतोय. प्रत्येक गिऱ्हाइकाचे जे नियम कुठेच लिहिलेले नाहीत ते सगळे. तूट कोण कशी धरतो, सोलणीच्या बायकांना कोण शनिवारी आगाऊ देतो, कोणाच्या दोन वह्या आहेत (हे पान वेगळं). वही आत्ताच ७० पानांची झालीय आणि काजू अजून संपलेला नाही.

लांज्याच्या शेठना हे सगळं सांगायला गेलो. मुलालाही नेलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, विचारलं, "लग्न झालंय? मुंबईला जाणार नाहीस ना?" तो म्हणाला, "बघू." शेठ हसले आणि वर्षाचे पैसे चेकने दिले, पुढची तारीख घालून.

---

काजूवाला (वेंगुर्ला)

पुढची तारीख घातली म्हणजे शेठ खरे काजूवाले. आणि काट्याचा काय झाला रे? ता मूळ काम रवला की.

---

खाडीपलीकडचा (रत्नागिरी)

राहिलं नाही. काट्याच्या मागे नऊ पिनांचं तोंड होतंच, घेतल्या दिवसापासून त्यात कोणी काही खुपसलं नव्हतं. साडेतीनशेची केबल आणि चाळीस ओळींचा कोड, तो व्हीबी-६ मध्येच लिहिला. घमेलं ठेवलं की आकडा आपोआप आत जातो आणि बाईंना दिसेल असा मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर येतो.

पहिल्या संध्याकाळी त्या मावशी स्क्रीनसमोर थांबल्या, आकडा वाचला, आणि कमरेचा कागद काढून त्यावर लिहून घेतला.

---

काजूवाला (वेंगुर्ला)

माझ्याकडे दोन काटे आसत. केबल घेऊन ये. सकाळी बी भाजायला लागलेली असते, दुपारनंतरच ये.